१:२ कागदावरचं आणि हातातलं
शेअर घेताना "१:२ दिसलं की सौदा घ्यायचा", म्हणजे १ रुपया धोक्यामागे २ रुपये नफा दिसला की घ्यायचं, असं म्हणतात; पण हा मुद्दा अर्धाच आहे. स्टॉपलॉस (तोटा थांबवायला शेअर विकायचा भाव) आधी चार्टवरून ठरवा, अलीकडच्या तळाखाली. गुणोत्तर जमावं म्हणून तो वर ओढलात तर साध्या हेलकाव्यातच उडतो. समजा खरेदी ५००, स्टॉप ४९०, टार्गेट ५२०: झालं १:२. तेच घाईत ५०५ ला घेतलं तर धोका १५, नफाही १५! मग १०० पैकी ३४ ऐवजी ५० हून जास्त सौदे जिंकावे लागतात. शिवाय डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता ठेवला तर) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, खरेदी-विक्री दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे शेअरमागे साधारण १ रुपया. मूळचं १:२ तिथेच १:१.७ वर येतं. २ लाखांच्या भांडवलावर १ टक्का, म्हणजे २००० रुपये जोखीम धरली तर ५०० ला २०० शेअर बसतात, ५०५ ला फक्त १३३. त्यापेक्षा ५०० ची लिमिट ऑर्डर (त्याहून महाग खरेदी होणार नाही अशी) लावून थांबलेलं बरं.