वाकडा वर्णपट : ‘सरळ करणे’ की ‘माग काढणे’?

प्रश्न : खगोलशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. वर्णपटाच्या कच्च्या प्रतिमेतली ‘ट्रेस’ आणि ‘टिल्ट’ ही दोन्ही वळणं दुरुस्त करावी लागतात, असं त्यात आहे. दोन्हींना ‘वक्रता-सुधारणा’ चालेल का? आणि ‘डेटा रिडक्शन’चं, म्हणजे कच्च्या प्रतिमेवरच्या या सगळ्या प्रक्रियेचं, काय? कोशात ‘क्षपण’ मिळालं.

उत्तर : ‘क्षपण’ नको हो, ते रसायनशास्त्रातलं, ऑक्सिडीकरणाच्या जोडीचं. ‘विदा-संस्करण’ चालेल, पण काम करणारे ‘रिडक्शन’च म्हणतात.

वक्रतेला मात्र दोन शब्द हवेत, कारण कामंच दोन आहेत. ताऱ्याचा प्रकाश सीसीडीवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, लांब पट्ट्यासारखा पसरतो, हाच ‘ट्रेस’; आणि हा पट्टा पिक्सेलांच्या ओळीला समांतर राहत नाही. कॅमेऱ्याची भिंगं त्याला वाकवतात. शिवाय तारा क्षितिजाकडे असला, की वातावरणातल्या अपवर्तनामुळे निळा प्रकाश लालपेक्षा जरा वर दिसतो. हा पट्टा सहसा कोणी सरळ करत बसत नाही. तो जाईल तसं त्याच्यामागून जाऊन प्रकाश गोळा करतात. म्हणून ‘माग काढणे’. मराठीत आयता शब्द आहे!

‘टिल्ट’ रेषांचा असतो. लडाखमधल्या हानलेच्या हिमालयीन चंद्रा दुर्बिणीवर तरंगलांबी ठरवायला लोह-आर्गन दिवा वापरतात, तशा दिव्याची प्रतिमा बघा. त्यातली एकेक रेषा म्हणजे एकेका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश. रेषा ताठ उभ्या हव्यात, पण त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. प्रकाश ज्या अरुंद फटीतून आत येतो, तिच्या टोकांकडचे किरण ग्रेटिंगवर (रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीवर) तिरपे पडतात, त्यामुळे तीच तरंगलांबी तिथे शेजारच्या पिक्सेलवर उतरते. इंग्रजीत याला ‘स्माइल’ही म्हणतात, कृपा करून ‘स्मित’ लिहू नका. ‘रेषावक्रता’ पुरे, आणि तिच्या दुरुस्तीला ‘सरळीकरण’.

ते केलं नाही तर काय होतं, हे आकाशातल्या ऑक्सिजनच्या ५५७७ अँगस्ट्रॉमच्या हिरव्या रेषेवर दिसतं. आकाशाचा स्वतःचा प्रकाश प्रतिमेतून वजा करावा लागतो; तिथे वाकड्या रेषेतून सरळ रेषा वजा केली, की एका कडेला पांढरा आणि दुसऱ्या कडेला काळा ओरखडा उरतो. अंधुक दीर्घिकेची रेषा तिथेच असली, तर संपलंच.

पुरवणी : ‘सरळीकरण’ सगळीकडे लावू नका. आयरॅफ या जुन्या संगणक-प्रणालीत दिव्याच्या रेषांवर द्विमित बहुपदी बसवून प्रतिमाच नव्याने मांडतात, तिथे ते बरोबर. पण तशी मांडताना एका पिक्सेलमधला प्रकाश शेजाऱ्यांत वाटला जातो आणि त्यांचा गोंगाट (‘नॉइज’) एकमेकांत गुंततो. म्हणून पाइपइटसारख्या प्रणाली प्रतिमा न वाकवता कुठल्या पिक्सेलवर कुठली तरंगलांबी, एवढंच नोंदवतात. लेखात ती पद्धत असेल तर ‘तरंगलांबी-नकाशा’ लिहा.