जुने यो-यो : साफ करावेत की आहेत तसेच ठेवावेत?

गिरकी :
माझ्या संग्रहात लाकडी, पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे असे बरेच जुने यो-यो जमले आहेत. काहींवरचा सोनेरी छाप पुसट झाला आहे, पत्र्याच्या कडांना गंज धरू लागला आहे, आणि एका लाकडी यो-योवर तर कोणीतरी चाकूने माडाचे झाड व एक नाव कोरून ठेवले आहे. हे सारे घासूनपुसून, नवी दोरी लावून मांडावे का? ज्यांवर साल छापलेले नाही, त्यांचा काळ कसा ठरवावा?

जुनापुराणा :
कृपया घासू नका. मूळ रंग आणि छाप यांवरूनच लाकडी यो-योची ओळख पटते, आणि एकदा पॉलिश चढले की तो पुरावा कायमचा जातो. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे आहे. कोरलेला यो-यो मात्र सर्वांत जास्त जपावा. यो-यो बनवणाऱ्या अमेरिकी डंकन कंपनीचे फिलिपिनो खेळाडू गावोगावी प्रात्यक्षिके दाखवत हिंडत आणि मुलांच्या यो-योंवर चाकूने माड, पक्षी किंवा त्यांची नावे कोरून देत. तुमच्याकडचे काम त्यांपैकीच कोणाचे असेल असे नाही, पण ते खराबी म्हणून बाजूला टाकू नये.

आसदोरी :
काळाविषयी थोडे. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो उद्योजकांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे यो-योंचे उत्पादन सुरू केले. त्यांच्या यो-योत दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नसून तिचा सैल फास आसाभोवती असे, म्हणून तो खाली जाऊन तिथेच फिरत राहू शके. पुढे डंकनने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि ‘यो-यो’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून वापरले. १९६५ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते सर्वसामान्य नाव ठरवेपर्यंत अनेक प्रतिस्पर्धी आपल्या मालावर दुसरीच नावे छापत. त्यामुळे छापातील शब्द नीट वाचावेत. दोरीवर फार विसंबू नये, कारण ती खेळणारा वरचेवर बदलतो. तरीही काढण्यापूर्वी ती आसावर कशी बसवली आहे याचे छायाचित्र घ्यावे.

गिरकी :
आभारी आहे. प्लॅस्टिकच्या एका यो-योला आंबूस वास येतो. त्याचे काय करावे?

जुनापुराणा :
तो आजच वेगळा काढा. सेल्युलोज ॲसिटेट हे जुन्या प्रकारचे प्लॅस्टिक विघटित होऊ लागले की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि त्या वाफेने शेजारच्या वस्तूही बिघडतात. त्याला बंद पिशवीत कोंडू नका; थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. रबरबँडने यो-यो एकत्र बांधण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण जुने रबर चिकट होऊन रंगाला धरते. पत्र्याच्या यो-योंना ओलावा लागू देऊ नये, आणि छापील रंगावर तेल चोळू नये.

आसदोरी :
आणखी एक, नोंदवही ठेवाच. क्रमांक यो-योवर न लिहिता आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर लिहावा, आणि वस्तू कोणाकडून मिळाली, तो तिच्याशी कुठे व कसा खेळत असे, हे त्याच माणसाकडून विचारून टिपून घ्यावे. वेष्टन, करामतींची पत्रके आणि स्पर्धांचे बिल्लेही त्याच क्रमांकाखाली ठेवावेत. पुष्कळदा साल सापडते ते वेष्टनावरच.