मदत हवी आहे: बाइकचं इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३० च ठेवू की १०डब्ल्यू-४० वर जाऊ?

मंडळी, गाडी दीडशे सीसीची, एअर-कूल्ड, रनिंग पन्नास हजारांच्या पुढे. मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड दिलाय, १०डब्ल्यू-३०, आणि आजवर तोच टाकत आलोय. सकाळी गाडी झकास चालते. पण उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही: पहिला, दुसरा, परत पहिला. टॅपेटची (इंजिनच्या व्हॉल्व्हची) टकटकही वाढते. इंजिन गार झालं की सगळं पूर्ववत.

मेकॅनिक म्हणतो, "जुनं इंजिन आहे, सरळ २०डब्ल्यू-५० टाका, आवाज बंद." आवाज बसेलही, पण मला ते पटत नाहीये. टॅपेट गॅप गार इंजिनवर फिलर गेजने तपासून घेतलाय, बरोबर आहे. क्लच केबलचा प्ले ठीक, ऑइल लेव्हल ठीक. क्लच प्लेटही बघून झाल्या. राहता राहिलं ऑइल.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि नंतरचा तापलेल्या ऑइलचा, इतपत माहिती आहे. १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडची किमान व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ९.३ सेंटीस्टोक, ४० ची १२.५ आणि ५० ची १६.३. म्हणजे ३० वरून थेट ५० वर उडी मारली तर ऑइल पावणेदोनपट घट्ट! पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही मार खाणार. शिवाय गार इंजिनमध्ये २०डब्ल्यू हेडपर्यंत (इंजिनच्या वरच्या भागापर्यंत) पोचायला जास्त वेळ घेणार, ते वेगळंच.

खरी मेख पुढे आहे. नवीन ऑइल टाकलं की त्रास जवळपास नसतो, बदलायची वेळ जवळ आली की वाढत जातो. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. गिअरच्या दातांमध्ये भरडून ऑइलमधले, तापल्यावर घट्टपणा टिकवणारे पॉलिमर तुटतात आणि ते पातळ पडतं. म्हणून शंका येते, की ग्रेड बरोबरच आहे आणि मीच ते जास्त किलोमीटर ताणतोय की काय?

तर ३० च ठेवून ऑइल लवकर बदलावं, की १०डब्ल्यू-४० वर जावं? कृपया कारचं ऑइल सुचवू नका, वेट क्लच (ऑइलमध्ये बुडालेला) आहे, जासो एमए२ (अशा क्लचसाठीचं ऑइलचं मानक) लागणारच. ज्यांनी एअर-कूल्ड गाडी ३० वरून ४० वर नेली आहे त्यांनी जरूर सांगा: इंजिन तापल्यावर न्यूट्रल लागतं का, आणि ॲव्हरेजमध्ये जाणवण्याइतका फरक पडला का?