शब्दचर्चा : बॅकप्लेट, विंग आणि त्यांची ‘जुळणी’

प्रश्न

नाशिकच्या तरणतलावावर नियमित येणारे आम्ही काही जण दिवाळीनंतर स्कूबा डायव्हिंगसाठी मालवणला जाणार आहोत. त्यांपैकी दोघांनी हवा भरायच्या नेहमीच्या जाकिटाऐवजी बॅकप्लेट (पाठीवर बसणारा धातूचा पत्रा) आणि विंग (त्याला लागणारी हवेची पिशवी) असा संच घेतला आहे. तो हवेच्या एका टाकीसाठी कसा जोडावा याचे चार पानी मराठी टिपण मी तयार करीत आहे. बॅकप्लेटला ‘पाठपाटी’, विंगला ‘पंख’ आणि हार्नेसला, म्हणजे संच अंगावर धरणाऱ्या पट्ट्यांना, ‘पट्टेबंध’ असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य वाटतात का? तसेच या सगळ्या कामाला ‘जुळणी’ म्हणावे, ‘जोडणी’ म्हणावे की ‘बांधणी’, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपण मुख्यतः नामांविषयी विचारले आहे आणि त्यांच्याविषयी लिहितोच. परंतु टिपणातल्या क्रियापदांकडे आधी लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण माझे स्वतःचे काम एका क्रियापदामुळेच फसले होते. काही वर्षांपूर्वी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यातून मी ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची बॅकप्लेट करवून घेतली. नकाशावर पट्टा ओवायच्या खाचांसह सगळी मापे बिनचूक होती आणि खाली मी लिहिले होते, ‘खाचांच्या कडा साफ कराव्यात.’ कारागिराने कापताना राहिलेली बर, म्हणजे धातूचे बारीक कंगोरे, कानशीने काढून कडा खरोखरच साफ केल्या. त्या सरळ, स्वच्छ आणि काटकोनी झाल्या. मालवणला तिसऱ्या दिवशी होडीवर सामान धुताना पाहिले, तेव्हा कमरेच्या डाव्या खाचेपाशी नायलॉनच्या पट्ट्याच्या दशा सुटल्या होत्या आणि काठाचे चार-पाच धागे तुटून उभे राहिले होते. ओल्या पट्ट्यावर टाकीचा भार येऊन तो दर वेळी त्या काटकोनी कडेवर घासला जात होता. दोष कारागिराचा नव्हता, त्याने लिहिले तेच केले. मला हवे होते ते ‘कडा गोल मारणे’, म्हणजे दोन्ही अंगांनी गोलाई देणे, आणि कारखान्यात ‘साफ करणे’ व ‘गोल मारणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. नंतर त्याच कारागिराने गोल कानशीने अर्ध्या तासात ते करून दिले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, या विषयात नाम उसने घेतले तरी फारसे बिघडत नाही, पण क्रियापद मराठी आणि नेमके असले पाहिजे, कारण हाताने काय करायचे ते क्रियापदच सांगते.

आता नामांकडे येतो. ‘पाठपाटी’ हा शब्द कानाला बरा वाटतो, परंतु आपल्याकडे पाटी म्हटले की एक तर शाळेची पाटी, नाही तर डोक्यावर वाहायची मातीची पाटी आठवते, आणि ही वस्तू त्या दोहोंसारखी नाही. ती धातूचा पत्रा कापून आणि वाकवून केलेली असते, म्हणून मी ‘पाठपत्रा’ म्हणेन. कारखान्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही तो लगेच कळतो. हा पाठपत्रा स्टेनलेस स्टीलचा असला तर साधारण अडीच किलो भरतो. ॲल्युमिनियमचा असला तर एक किलोच्या आसपास. ही माहिती टिपणात शब्दाच्या शेजारीच द्यावी, कारण पोलादी पत्रा घेतला की पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे तेवढ्या बेताने कमी करावे लागते.

पत्र्याच्या मधोमध उभी घडी असते. ती टाकीच्या बाजूने पाहिली तर उंचवटा दिसतो आणि अंगाच्या बाजूने पाहिली तर खोलगट चर दिसते. इंग्रजीत दोन्ही बाजूंना बहुधा एकच शब्द चालवून घेतात, पण मराठीत दोन चांगले शब्द आयते आहेत. टाकीकडच्या उंचवट्याला ‘कणा’ म्हणावे आणि अंगाकडच्या चरीला ‘पन्हळ’ म्हणावे. कौलारू घराचे पन्हळ ज्याने पाहिले आहे त्याला आकार ताबडतोब कळेल. हा भेद कामाचाही आहे. मध्यरेषेवर ११ इंच अंतरावर दोन भोके असतात, त्यांतून बोल्ट येतात आणि त्यांचे नट पन्हळीत बसतात, म्हणून ते पाठीला टोचत नाहीत. ‘नट पन्हळीत आले पाहिजेत’ असे एक वाक्य लिहिले की पत्रा उलटा लावण्याची चूक संपते.

‘पंख’ या शब्दाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पंख हलतो, फडकतो आणि त्याने दिशा बदलते. ही वस्तू त्यांपैकी काहीच करीत नाही. ती टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये सँडविचसारखी बसते, हवा भरली की टाकीच्या दोन्ही अंगांना फुगते आणि पोहणाऱ्याला हव्या त्या खोलीवर तोलून धरते. दुसरी अडचण अशी की, याच संचात विंगनटही असतो, म्हणजे दोन कान असलेला, बोटांनी फिरवायचा नट. टिपणात एकीकडे ‘पंख घट्ट करा’ आणि दुसरीकडे ‘पंख रिकामा करा’ असे आले तर वाचणाऱ्याने काय समजावे?

मी बरेच दिवस ‘पखाल’ या शब्दाच्या मोहात होतो. रेड्याच्या पाठीवर टाकलेली पखाल दोन्ही बाजूंना जशी लोंबते, तशीच विंग टाकीच्या दोन्ही बाजूंना असते, आणि शब्द अस्सल आपला आहे. परंतु पखालीत पाणी असते. विंगमध्ये पाणी शिरलेले नको असते, आणि जे थोडे शिरते ते पाण्याबाहेर आल्यावर विंग उलटी धरून काढून टाकावे लागते. म्हणून तो शब्द मी नाइलाजाने सोडला. लिहिताना पहिल्यांदा ‘हवापिशवी’ म्हणावे आणि पुढे सरळ ‘विंग’ लिहावे, कारण मालवणच्या होडीवर तोच शब्द कानावर पडेल. आतल्या पिशवीला ‘ब्लॅडर’ म्हणावे, फुटबॉल खेळलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. बाहेरच्या जाड नायलॉनच्या कापडाला ‘खोळ’ हा गादीचा शब्द अगदी नेमका बसतो.

विंगची क्षमता सांगताना ‘उचल’ हा शब्द वापरावा. एका टाकीसाठी साधारण १३ ते १८ किलो उचल पुरते. याहून मोठी विंग घेतली तर जास्त सुरक्षित, ही समजूत बरोबर नाही, कारण जादा कापड टाकीभोवती वर वळते आणि त्यात अडकलेली हवा बाहेर काढणे कठीण जाते. उचल कशासाठी लागते हेही टिपणात यावे. ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी २०७ बार दाबापर्यंत भरली की तिच्यातल्या हवेचेच वजन अडीच किलोहून अधिक असते, आणि ती संपत आली की तीच टाकी सुमारे दोन किलोच्या जोराने वर ओढू लागते. शिवाय निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा, पोशाख खोल गेल्यावर दाबला जातो आणि त्याचे तरंगणे कमी होते. या साऱ्याचा मेळ विंगमधली हवा कमीजास्त करून घालायचा असतो. येथे ‘प्लावक बल’ हा शाळेतला शब्द एकदा आणावा, पुढे ‘तरंगणे’ आणि ‘तोल’ यांवर काम भागते. ज्यांनी लहानपणी गोदावरीत किंवा विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहणे शिकून घेतले आहे, त्यांना या कल्पनेची ओळख करून देण्याची गरज नाही. डब्यातली हवा कमी करता येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

‘पट्टेबंध’ मला पटतो, परंतु त्यात एक गोष्ट हरवते. या प्रकारच्या संचाचे वैशिष्ट्यच हे आहे की खांदे आणि कंबर मिळून पट्टा एकच असतो, मध्ये कोठेही तोडलेला नसतो. उत्तर फ्लोरिडातील गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांसाठी ग्रेग फ्लॅनगन यांनी १९७९ मध्ये असा पाठपत्रा तयार केला आणि विल्यम हॉगार्थ मेन यांनी ती पद्धत पुढे नेली, म्हणून अशा पट्ट्याला हॉगार्थियन हार्नेस म्हणतात. गुहेत जोडणीचा एक चाप तुटला तरी जिवावर बेतू शकते, त्यामुळे तुटण्याच्या जागाच कमी ठेवणे हा त्यामागचा विचार. आपण त्याला ‘अखंड पट्टा’ म्हणावे. अखंड दिवा आणि अखंड सप्ताह म्हणणाऱ्या माणसाला त्यातले मर्म सांगावे लागणार नाही.

हा दोन इंची पट्टा खाचांतून कसा न्यायचा, यासाठी आपल्या मसुद्यात ‘घालावा’ असे लिहिले असेल तर ते बदलावे आणि ‘ओवावा’ लिहावे. नाडा ओवताना जसे एक टोक आत शिरते, दुसरीकडून निघते आणि मागची लांबी दोन्हीकडे सारखी ओढून घ्यावी लागते, तसेच येथे करायचे असते. पट्टा वरच्या दोन खाचांतून ओवून खांद्यांवरून पुढे घ्यावा, त्यात कड्या ओवाव्यात, मग काखेखालून मागे नेऊन खालच्या बाजूच्या खाचांतून ओवावा आणि कमरेशी पुढे आणावा. डी-रिंगला ‘कडी’ हा शब्द पुरेसा आहे. छातीशी दोन, डाव्या कमरेला एक आणि पायांमधल्या पट्ट्याला मागे-पुढे एकेक अशा पाच कड्या असतात. प्रत्येक कडी जागच्या जागी राहावी म्हणून तीन दांड्यांची चौकट असते, तिला ‘अटक’ म्हणावे. पट्टा अटकेतून वर काढायचा, कडीतून न्यायचा आणि वळवून पुन्हा त्याच अटकेतून खाली आणायचा. हे पहिल्यांदा करताना नवा पट्टा इतका ताठ असतो की बोटांची अग्रे दुखतात, परंतु तो सहज सरकला तर अटक चुकीच्या मापाची आहे असे समजावे. जादा पट्टा कापल्यावर टोक मेणबत्तीवर धरून वितळवावे, म्हणजे दशा सुटत नाहीत. हे काम सगळी मापे पाण्यात पाहून झाल्यावर शेवटी करावे, आधी नाही.

टाकीच्या पट्ट्यांसाठी क्रियापद ‘कसणे’ घ्यावे. ‘बांधणे’ म्हटले की गाठ आली, ‘आवळणे’ म्हटले की हाताचा जोर आला. येथे बकलाची तरफ ओढून ताण धरायचा असतो, आणि तो अर्थ ‘कसणे’ यात आहे. पट्टा आधी भिजवून मग कसावा, कारण नायलॉन ओले झाल्यावर ताणले जाते आणि कोरडा कसलेला पट्टा पाण्यात ढिला पडतो. मग विंग आणि पत्रा धरून सगळे उचलावे. टाकी बोटभरही खाली सरकता कामा नये.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते असे मला वाटते. एकमेकांशी माप जमणारे भाग निवडणे ही जुळणी. छापखान्यात खिळे जुळवीत, तोच अर्थ. ते भाग एकमेकांना लावणे ही जोडणी. आणि तयार झालेला संच अंगाच्या मापाने बसवणे ही बांधणी. एकच शब्द निवडण्याऐवजी टिपणाचे तीन भाग करून त्यांना ही तीन नावे द्यावीत.

उपप्रश्न

विवेचन आवडले. दोन शंका आहेत. पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे नाव आपण टाळले आहे. ‘लंगोटपट्टा’ असे आमच्यातले काही जण म्हणतात, पण महिला सदस्यांसमोर तो शब्द उच्चारताना संकोच होतो. दुसरे म्हणजे, खांद्याचे पट्टे ‘थोडे ढिले ठेवावेत’ असे शिकवतात आणि त्याच वेळी ‘ढिलेपणा घातक आहे’ असेही सांगतात. यांतले काय लिहावे?

उत्तर

आपला आक्षेप बरोबर आहे, ते नाव राहून गेले. मला या पट्ट्यासाठी सर्वांत समर्पक वाटणारा शब्द ‘दुमची’ हा आहे. घोड्याचे खोगीर मानेकडे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला पट्टा म्हणजे दुमची, आणि आपला पट्टाही पाठपत्रा मानेकडे वर चढू नये म्हणूनच असतो. काम अगदी तेच. परंतु टांगे आणि घोडी रोजच्या पाहण्यातून गेल्यामुळे तरुण सदस्यांना हा शब्द कळणार नाही, आणि सुरक्षेच्या टिपणात न कळणारा शब्द ठेवणे मला मान्य नाही. ‘मांडपट्टा’ही घेऊ नये, कारण त्यावरून दोन मांड्यांना दोन पट्टे असावेत असे वाटते. ‘लंगोटपट्टा’ हा शब्द स्वच्छ आहे, कुस्तीच्या तालमीतला आहे, आणि तो सहजपणे उच्चारला तर संकोच एका दिवसात जाईल असा माझा अनुभव आहे. तो लिहावा आणि सोबत एक सूचना द्यावी की कमरेचे बकल या पट्ट्याच्या फासापासून थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे फास ओढला जाऊन बकल उघडणार नाही.

दुसऱ्या शंकेसाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि शिकवणारे दोन्हींच्या जागी एकच वापरतात. अंगरखा सैल असतो, खुंटा ढिला असतो. सैल म्हणजे हालचालीपुरती ठेवलेली जागा, ढिला म्हणजे जे घट्ट असायला हवे होते ते नाही. म्हणून टिपणात असे लिहावे : ‘खांद्याचे पट्टे सैल असावेत, उभे राहिल्यावर छातीशी पट्ट्याखाली मूठ शिरावी आणि हात मागे नेऊन पत्र्याची वरची कड बोटांना लागावी. कमरेचा पट्टा घट्ट असावा. कड्यांच्या अटका आणि टाकीचे पट्टे यांपैकी काहीही ढिले असू नये.’ पोशाख बदलला की खांद्याचे माप पुन्हा पाहावे लागते, कारण पातळ पोशाखावर सैल असलेला पट्टा जाड पोशाखावर तंग होतो, आणि मग दुसऱ्याच्या मदतीशिवाय हात बाहेर निघत नाही.