अनुभव धागा: डॉटफाइल्सना स्वतःचा रेपो

डॉटफाइल्स म्हणजे नावाआधी टिंब असलेल्या सेटिंगच्या फायली. '.बॅशआरसी', '.विमआरसी', '.गिटकॉन्फिग' या फायली अनेकांच्या कुठल्यातरी 'स्क्रिप्ट्स' रेपोच्या (गिटने इतिहास जपलेल्या संचाच्या) एका फोल्डरात पडून असतात. त्या तिथून उचलून स्वतंत्र रेपोत नेताना कोणती पद्धत वापरता आणि घोळ नेमका कुठे होतो, ते कमांडसकट लिहा.

* * *

इतिहास सोबत हवा असेल तर आधी एक गोष्ट तपासा: फोल्डराचं नाव पहिल्यापासून तेच आहे का? असेल तर 'गिट सबट्री स्प्लिट --प्रीफिक्स=डॉटफाइल्स -बी सुटे' एवढं पुरतं. त्या फोल्डरापुरत्या कमिट्सची (नोंदवलेल्या बदलांची) 'सुटे' ही ब्रांच तयार होते आणि फायली थेट मुळाशी येतात. ती रिकाम्या रेपोवर पुश करा.

नाव मध्येच बदललेलं असेल तर मात्र सबट्री त्याआधीचा इतिहास गाळतं. तिथे 'गिट फिल्टर-रेपो' हवं. हे वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. '--पाथ' दोनदा द्यायचा, जुन्या नावाचा आणि नव्या नावाचा, आणि दोन्हींना '--पाथ-रीनेम' लावून फायली मुळाशी आणायच्या. ते ताज्या क्लोनवरच चालवा, नाहीतर ते नकार देतं; तिथे '--फोर्स' लावायचा मोह टाळा. काम झाल्यावर ते 'ओरिजिन' रिमोट (जुन्या रेपोचा पत्ता) काढून टाकतं. बिघाड नाही तो, बदललेला इतिहास चुकून जुन्या रेपोवर जाऊ नये म्हणूनची सोय आहे.

दोन्हींत कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात. जुन्या संदेशांत लिहिलेले हॅश सबट्री तसेच ठेवतं, फिल्टर-रेपो शक्य तिथे नवे घालून देतं.

* * *

वरच्या पायरीनंतर लगेच पुश नको. इतिहास आणला म्हणजे त्यातली गुपितंही आली. 'गिट लॉग --ऑल -पी' चं आउटपुट घेऊन त्यात टोकन, पासवर्ड, सीक्रेट हे शब्द शोधा. '.नेटआरसी', '.एनपीएमआरसी' आणि बॅशआरसीतल्या 'एक्स्पोर्ट' ओळी नक्की बघा. फाइल आज डिलीट केलेली असली तरी जुन्या कमिटमध्ये ती असतेच. पब्लिक रेपोत काही गेलंच असेल, तर आधी ते टोकन रद्द करा आणि मगच इतिहास साफ करा. उलटा क्रम धोक्याचा, कारण तोवर कुणीतरी क्लोन केलेलं असू शकतं.

गिटकॉन्फिगमधला खासगी भाग '.गिटकॉन्फिग.लोकल' मध्ये ठेवा आणि 'इन्क्लूड' ने ओढा. 'इन्क्लूड' शेवटी लिहा. नंतर वाचलेली किंमत टिकते, वर लिहिलात तर लोकल सेटिंग दाबलं जातं.

* * *

सिमलिंकसाठी, म्हणजे होममधून रेपोतल्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंकसाठी, ग्नू स्टो हे साधन. आधी '-एन' लावून नुसती रंगीत तालीम घ्या.

याची एक खोड माहीत असायलाच हवी. होममध्ये '.कॉन्फिग' फोल्डर अजून नसेल, तर स्टो आतल्या फायली एकेक न जोडता अख्खा फोल्डरच लिंक करतं. मग दुसरं कुठलंही अ‍ॅप '.कॉन्फिग' मध्ये जे काही लिहील ते थेट रेपोत पडतं, आणि 'गिट अ‍ॅड .' केलं की लॉगिनच्या कुकीजही कमिट होऊ शकतात. '--नो-फोल्डिंग' लावा, किंवा फोल्डर आधी हाताने बनवा. '--अ‍ॅडॉप्ट' होममधली फाइल रेपोतल्या फाइलवर आणून ठेवतं, म्हणून आधी सगळं कमिट करा आणि नंतर 'गिट डिफ' बघा.

लिंक तुटण्याचं आणखी एक कारण: 'सेड -आय'. ते नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतं, त्यामुळे लिंक जाते आणि साधी फाइल उरते. '--फॉलो-सिमलिंक्स' द्या.

* * *

लिंकच नको असतील तर बेअर रेपो, म्हणजे ज्यात फायली उघड्या नसतात, फक्त इतिहास असतो असा. 'गिट इनिट --बेअर', वर्क-ट्री (फायली प्रत्यक्ष राहतात ती जागा) म्हणून होम देणारा एक एलियस, आणि 'स्टेटस.शोअनट्रॅक्डफाइल्स नो'. होममध्ये साधा 'गिट इनिट' मात्र करू नका. होमखालचा रेपो नसलेला प्रत्येक फोल्डर मग याच रेपोचा भाग ठरतो, आणि तिथे चुकून चाललेला 'गिट क्लीन -एफडीएक्स' न जोडलेल्या फायली उडवतो.

* * *

गिट परवानग्यांपैकी फक्त एक्झिक्युटेबल बिट जपतं. उमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारं सेटिंग) ००२ असेल तर एसएसएचची कॉन्फिग फाइल ६६४, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येईल अशी, होऊन उतरते आणि एसएसएच ती वाचायलाच नकार देऊ शकतं. सेटअप स्क्रिप्टमध्ये 'सीएचमॉड ६००' हवं.

* * *

जुन्या रेपोतून फोल्डर कधी काढायचं, हे सगळ्यांत शेवटी येतं. दुसऱ्या मशीनवरच्या लिंक अजून जुन्या जागी असतात. तिथे जुना रेपो आधी 'पुल' केलात तर फायली जातात, सगळ्या लिंक लोंबकळतात आणि पुढचा टर्मिनल उघडतो तो कोऱ्या बॅशसह. म्हणून प्रत्येक मशीनवर आधी नवा रेपो क्लोन, मग जुन्या लिंक काढून नव्या, आणि मग जुन्यावर 'पुल'. शेवटी 'फाइंड ~ -मॅक्सडेप्थ ३ -एक्सटाइप एल' चालवा. तुटलेल्या लिंक तेवढ्या छापून येतात.