पायथॉनचे क्लास आणि प्रोलॉगचे नियम: सीमा कुठे आखायची?

अर्धविराम
कॉलेजच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे. विद्यार्थी, विषय, निकाल हे क्लास नीट चालतात. घोळ आहे एटीकेटीचा, म्हणजे काही विषय बाकी असताना पुढच्या वर्षाला जाण्याच्या सवलतीचा. तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्याचा एकही विषय बाकी नको, दुसऱ्याचे ठरावीक संख्येपर्यंत चालतात. त्यात २०१५ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि त्याचे नियम) वेगळा, २०१९ वेगळा. पात्रता ठरवणाऱ्या मेथडचं इफ-एल्सचं जंगल झालंय. नियम प्रोलॉगमध्ये (नियम आणि फॅक्ट, म्हणजे नोंदलेली विधानं, यांवरून उत्तर शोधणारी भाषा) हलवायचेत. कोणतं काम ऑब्जेक्टकडे ठेवू आणि कोणतं नियमांकडे? शिवाय अपात्र ठरवलं तर कारणही दाखवायचंय.

रिकामी_यादी
बदलणारं सगळं ऑब्जेक्टकडे, निष्कर्ष नियमांकडे. नियमातून ऑब्जेक्टची स्थिती बदलू नका. प्रोलॉग एका वाटेने गेला, अडला आणि मागे फिरला की व्हेरिएबलच्या किमती सुटतात. पण मधेच बोलावलेल्या पायथॉन मेथडने डेटाबेसमध्ये लिहिलेलं तसंच राहतं. असर्टने (प्रोग्राम चालू असताना फॅक्ट घालणारी आज्ञा) घातलेलं फॅक्टही राहतं.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग आधी बसवा, मग पिपने जॅनसचं (पायथॉन आणि प्रोलॉग जोडणारा पूल) पॅकेज. नियम असे (`:-` म्हणजे "जर", स्वल्पविराम म्हणजे "आणि", `\+` म्हणजे नकार):

```
अडचण(_वि, [पहिल्याची_बाकी, _विषय]) :-
    बाकी(_वि, _विषय, पहिले).

पात्र(_वि) :-
    विद्यार्थी(_वि),
    \+ अडचण(_वि, _).
```

प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल मोठ्या अक्षराने सुरू होतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून व्हेरिएबलची सुरुवात अंडरस्कोअरने. इतर नावं अ‍ॅटम (साधी स्थिर नावं) म्हणून बिनतक्रार चालतात.

तुमच्या कारणाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. प्रोलॉग नुसतं "नाही" म्हणतो, का ते सांगत नाही. म्हणून पात्रतेचे नियम न लिहिता अडचणींचे लिहा. फाइंडऑलने (सगळी उत्तरं गोळा करणारी आज्ञा) अडचणींची यादी मागवा. ती रिकामी आली की विद्यार्थी पात्र. अपात्रतेचं कारण मुद्दाम यादीच्या रूपात ठेवलंय, कारण यादी पायथॉनमध्ये सरळ यादी होऊन येते. कंपाउंड टर्म (नाव आणि त्यापुढे कंसात मूल्यं) तशी उलगडून येत नाही.

दोन खड्डे. विद्यार्थी ही ओळ नकाराच्या आधीच हवी. क्रम उलटा केला आणि "कोण कोण पात्र?" विचारलं, तर एका जरी मुलाचा विषय बाकी असला की उत्तर शून्य येतं, कारण नकाराच्या वेळी व्हेरिएबल मोकळं असतं. दुसरा खड्डा जॅनसचा: एकदाच उत्तर मागणारी क्वेरी फसली तरी डिक्शनरीच परत देते, फक्त आतल्या ट्रुथ या कीखाली फॉल्स असतं. भरलेली डिक्शनरी इफला नेहमी खरीच वाटते. ती की उघडून तपासा.

उभा_दंड
पॅटर्नचा भाग जास्त गुंतागुंतीचा असेल तर लॉगटॉक बघा. पाउलो मौरा यांची भाषा. प्रोलॉगवरच ऑब्जेक्ट, प्रोटोकॉल आणि कॅटेगरी देते आणि प्रोलॉगमध्येच कंपाइल होते. सामायिक नियमांचा एक मूळ ऑब्जेक्ट, त्याला एक्स्टेंड करणारे २०१५ आणि २०१९ असे दोन, आणि फरक असलेली अडचण तेवढी ओव्हरराइड. नुसत्या मॉड्यूलमध्ये हे करायला गेलात तर प्रत्येक प्रेडिकेटला पॅटर्नचा एक जादा आर्ग्युमेंट चिकटवत बसावं लागतं.

पण दोनच पॅटर्न आणि डझनभर नियम असतील तर तो जादा आर्ग्युमेंटच बरा. टीमला एक नवी भाषा शिकवण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

अर्धविराम
धन्यवाद. अडचणींचा साचा बसवला. पण आता बाकी विषय असलेली मुलंही सर्रास पात्र ठरताहेत! एरर काहीच नाही. फॅक्ट पांडासच्या (पायथॉनची डेटा लायब्ररी) डेटाफ्रेममधून, म्हणजे टेबलातून, भरतोय.

रिकामी_यादी
रोल नंबरचा टाइप बघा. टेबल जोडताना कुठे रिकामी जागा पडली की पांडास पूर्णांकांचा कॉलम फ्लोट (दशांश) करतो. मग विद्यार्थीमध्ये १०४ आणि बाकीमध्ये १०४.०. गणिताच्या तुलनेत दोन्ही सारखे, पण युनिफाय होत नाहीत, म्हणजे प्रोलॉगच्या जुळणीत एक ठरत नाहीत. अडचण सापडत नाही, नकार खरा ठरतो, पोरगं पुढच्या वर्गात. फॅक्ट भरण्याआधी रिकाम्या ओळी काढा आणि कॉलम पूर्णांकात बदला. शिवाय बाकीमधला प्रत्येक रोल नंबर विद्यार्थीमध्ये आहे की नाही हे भरतानाच तपासा, नसेल तर एक्सेप्शन फेका.

उभा_दंड
वेब सर्व्हरवर चढवणार असाल तर आणखी एक. डायनॅमिक (चालू असताना घातलेली) फॅक्ट सगळ्या थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) सामायिक असतात, त्यामुळे दोन रिक्वेस्टचे विद्यार्थी एकमेकांत मिसळतील. ती थ्रेड-लोकल (प्रत्येक थ्रेडची वेगळी) म्हणून जाहीर करा. थ्रेड-पूल (तेच थ्रेड पुन्हा वापरणारी व्यवस्था) असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. थ्रेड मरतच नाही, जुनी फॅक्ट तशीच पडून राहतात. प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला रिट्रॅक्टऑल (जुनी फॅक्ट पुसणारी आज्ञा) करा. शेवटी नको, मधे एक्सेप्शन आलं तर ते राहून जातं.