कापूस वेचणीच्या दिवसात आबांच्या बोटाला फोनचा टच लागंना, यावर कुणी संशोधन केलंय का?

गोदाकाठ_नांदेड:
राम राम मंडळी. एमटेकला आहे, प्रोजेक्ट टच इंटरॅक्शनवर, म्हणजे माणूस टचस्क्रीन कसा वापरतो यावर, करायचा म्हणतोय. कारण घरातलंच, आमचे आबा वेचणीच्या दिवसात फोनवर पीक पाहणी भरायला बसले की टच लागतच नाही, लागला तर भलत्याच बटणावर, शेवटी "तूच भर बाबा" म्हणून फोन माझ्याकडं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या हासो प्लाट्नर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिश्चन होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश या संशोधकांनी केलेलं टचवरचं काम वाचायला घेतलंय, पण ते आपल्याकडच्या हातांना लागू होतं का? गाईड म्हणतात विषय फार छोटा आहे.

परभणी_मोबाईलवाला:
दादा, टच न लागणं आणि चुकीच्या जागी लागणं हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, आधी ते वेगळे करा. पहिल्याचं सांगतो. काचेखाली बारीक इलेक्ट्रोडची जाळी असते, तिच्याजवळ बोट आलं की तिथली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, तो बदल ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच फोन त्याला टच मानतो. घट्टे पडलेली कोरडी कातडी जाड असते, त्यामुळं आतला ओलसर भाग काचेपासून लांब राहतो आणि सिग्नल कमी पडतो. त्यात लोक वरून जाड काच चिकटवतात. काही फोनमध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवायचं सेटिंग असतं, ते चालू करून बघा, आणि आबांना बोटाचं टोक नाही तर सपाट भाग टेकवायला सांगा. ही स्क्रीन जोर मोजत नाही, पण लोक दाबतातच.

प्राजक्ता_संभाजीनगर:
दुसऱ्या प्रॉब्लेमवर होल्झ-बाउडिश यांचं काम खरंच वाचण्यासारखं आहे. आधी सगळे धरून चालायचे की बोट जाड आणि मऊ, म्हणून चूक होणारच. यांनी दाखवलं की या चुकीतला मोठा भाग नियमात बसतो. माणूस बोटाच्या वरच्या बाजूकडं बघून नेम धरतो, आणि स्क्रीन मोजते खालचा टेकलेला भाग, बोट तिरपं झालं की या दोन्हीत फरक पडतो आणि तो फरक माणसागणिक वेगळा असतो. २०१० च्या पेपरमध्ये त्यांनी बोटाच्या ठशांवरून माणूस आणि बोटाचा कोन ओळखून नेम सुधारून दाखवला.

आता तुमच्या कामाची गोष्ट, ज्यांच्या ठशांच्या रेषाच झिजल्यात त्यांना ही पद्धत कशी लागू होणार? मला तर हाच तुमचा प्रश्न वाटतो, आणि तो अजिबात छोटा नाही. गाईडना वेन वेस्टरमनचं उदाहरण सांगा. हात दुखायचे म्हणून कमी जोर लागेल असा मल्टिटच (एकाच वेळी अनेक बोटांचा टच) शोधत त्यांनी डेलावेअर विद्यापीठात पीएचडी केली, १९९९ ची, त्यातून फिंगरवर्क्स कंपनी उभी राहिली आणि पुढं ती ॲपलनं घेतली.

गोदाकाठ_नांदेड:
ठशांचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं ताई, लई मोठं काम झालं. मग बटणं मोठी करण्याऐवजी स्वाइपवर भर दिला तर? आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी सरांच्या टीमनं केलेला स्वरचक्र कीबोर्ड बघितला, अक्षरावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र येतं आणि हव्या त्या दिशेला सरकवायचं, त्यात नेमक्या जागेपेक्षा दिशा महत्त्वाची.

परभणी_मोबाईलवाला:
कल्पना चांगली आहे पण सरकवताना सिग्नल मधेच तुटला तर फोन समजतो बोट उचललं. कोरड्या बोटावर हे होणार, ते मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वैशाली_आशाताई_बीड:
मी गावात फोनवरच माहिती भरते म्हणून लिहिते. तुम्ही सगळे आबांचंच बोलताय, पण वेचणी तर बायका करतात. बोंडाची टोकं टोचून बोटं पार फाटलेली असतात, वर घरी आल्यावर भांडी, राख, पाणी. ओल्या हातानं टच वेगळाच वागतो. तुमच्या चाचणीत बाया घ्याच, आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर घ्या, नवीन फोन हातात दिला की त्या घाबरून हळूच टेकवतात. आमच्याकडच्या ऊसतोड बायांनाही घ्यायचं असंल तर दसऱ्याच्या आधी या, नंतर गावात कुणी सापडत नाही, टोळ्या कारखान्यावर गेलेल्या असतात.

प्राजक्ता_संभाजीनगर:
वैशालीताईंचं एकदम बरोबर. त्याच बायांची मोजणी वेचणीच्या आधी आणि वेचणी जोरात असताना अशी दोनदा घ्या, म्हणजे फरक वयाचा की कातडीचा हे वेगळं काढता येईल. कच्चा डेटा फोनमधून कसा काढायचा ते मेसेज करा, सांगते.

गोदाकाठ_नांदेड:
करतो ताई. वैशालीताई, पोळा झाला की बीडला येतो, गाईडनाही सोबत आणायचं बघतो.